आधी बीप ऐका, मग भंगारात काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या आमच्या सिंधुदुर्गात शाळा, वाचनालयं, पतपेढ्या सगळीकडे जुने कॉम्प्युटर काढून टाकायचं चाललंय, आणि निर्लेखनाच्या, म्हणजे वापरातून काढून टाकायच्या वस्तूंच्या, याद्या बघितल्या तर कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच, 'डिस्प्ले नाही'. माझी बरीच वर्षं टीव्ही आणि मॉनिटर दुरुस्तीत गेलीत म्हणून लिहितोय. स्क्रीन काळा म्हणजे मशीन गेलं असं नसतं हो. समुद्राकाठी तर बरेचदा ते नुसतं सादळलेलं असतं, गंज धरलेलं असतं, आणि तेवढ्यावर ते किलोच्या भावाने जातं.

पहिली गोष्ट म्हणजे कान द्या. मशीन चालू केल्यावर एकच छोटा बीप वाजला आणि हार्डडिस्कचा दिवा लुकलुकायला लागला तर मशीन ठीक आहे, दोष मॉनिटरमध्ये किंवा केबलमध्ये शोधायचा. कीबोर्डवरचं नम लॉक दाबून बघा, दिवा लागत-विझत असेल तर आत सगळं जिवंत आहे. चालू होताना मशीन तपासणारा जो आतला प्रोग्राम असतो, बायोस, तो अवॉर्ड कंपनीचा असेल तर एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची (मॉनिटरला चित्र पुरवणाऱ्या कार्डाची) तक्रार, एएमआय बायोस असेल तर आठ बीप. काहीच वाजत नाही, नुसता पंखा फिरतोय, तर रॅम (मेमरीच्या पट्ट्या), पॉवर सप्लाय असं वेगळ्या बाजूने बघावं लागतं, आणि आतला स्पीकरच कुणी काढून ठेवलेला नाही ना हेही, कारण तसंही करतात लोक.

मग मॉनिटर एकटा तपासायचा. कॉम्प्युटरची केबल काढून नुसती वीज द्या. नंतरच्या काळातले मॉनिटर 'नो सिग्नल' असं काहीतरी लिहून दाखवतात, म्हणजे पिक्चर ट्यूब, पॉवर सगळं चालू आहे. त्याआधीचे काही सांगत नाहीत, त्यांचा ब्राइटनेस पूर्ण वाढवा, काचेजवळ हात नेल्यावर अंगावरचे केस उभे राहतायत का बघा, मागच्या जाळीतून ट्यूबच्या मानेत केशरी उजेड दिसतो का बघा. जाळीतूनच बघा, मागचं कव्हर काढायचं नाही. रंगीत ट्यूबवर २५ हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत, ते काम ज्याला येतं त्यालाच करू द्या.

चित्र येतंय पण रंग बिघडलाय, ही तर सगळ्यात सोपी केस. पंधरा पिनांच्या व्हीजीए केबलमध्ये १ नंबरची पिन लाल, २ हिरवा, ३ निळा. लाल तुटला की पांढरं सगळं आकाशी दिसतं, हिरवा गेला की जांभळट गुलाबी, निळा गेला की पिवळं. पिन वाकलेली असते नाहीतर तिच्यावर हिरवट गंज असतो. मात्र ९ नंबरची पिन पुष्कळ केबलींना मुळातच नसते, ती नाही म्हणून केबल फेकू नका. आणि कोपऱ्यात रंगाचे डाग पडले असतील तर आधी शेजारचा स्पीकर हलवा, त्यातल्या चुंबकाचा तो प्रताप असतो.

आता डिस्प्ले कार्ड. आपल्याकडची हवा खारी, त्यात चार महिने पाऊस, जांभ्याच्या भिंती ओल धरून बसतात, कार्डाच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटच्या पात्यांवर जो थर चढतो तो डोळ्याला धड दिसतही नाही. प्लग काढायचा, कार्ड काढायचं, पट्ट्यांवरून साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, स्लॉट मऊ ब्रशने झाडायचा, कार्ड दोन-तीनदा आत-बाहेर करून बसवायचं, रॅमलाही हेच. बसवताना एक गंमत होते, पत्र्याचा स्क्रू आवळला की कार्डाचं मागचं टोक स्लॉटमधून किंचित उचललं जातं आणि डिस्प्ले परत गायब, तेव्हा स्क्रू आवळल्यावर पुन्हा एकदा दाबून बघायचं. आमच्याकडे अजून एक गिऱ्हाईक असतं, कुंभारीण माशी. रिकाम्या पोर्टमध्ये, पंख्यात, कुठेही मातीचं घर बांधते, ती माती ओली झाली की बघायलाच नको.

३८६, ४८६ या जुन्या प्रोसेसरच्या मशीनच्या मदरबोर्डवर (आतल्या मुख्य बोर्डावर) बऱ्याचदा निळ्या किंवा हिरव्या पिंपासारखी निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. ती फुटून तिचं पाणी बोर्डावर पसरतं आणि तांब्याच्या रेघा खाऊन टाकतं, डिस्प्ले जायचं हे मोठं कारण. ते पाणी अल्कलीचं असतं म्हणून आधी व्हिनेगरने पुसतात, मग स्वच्छ पाण्याने, मग अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळेपर्यंत वीज द्यायची नाही. (एका ठिकाणी आंबट आहे म्हणून कोकमाचं आगळ वापरणार होते, त्यात मीठ असतं हो!) बॅटरी नुसती उतरली असेल तर सेटिंग विसरल्यामुळे मशीन चुकीच्या जातीचा डिस्प्ले धरून बसतं, ते सेटअपमध्ये जाऊन बदलावं लागतं. त्याहून जुन्या पीसी-एक्सटीमध्ये तर सेटअपच नाही, मदरबोर्डवरच्या बारक्या स्विचांनीच कलर की मोनो ते ठरतं.

ज्याच्यामुळे चांगली मशीनं मेली असं ठरवलं जातं ती भानगड वेगळीच आहे. लोक जुनं मशीन आणतात, आजचा एलसीडी लावतात, 'आउट ऑफ रेंज' आलं की संपलं. अहो व्हीजीए ही चित्र पाठवायची पद्धत आली १९८७ साली, ३१.५ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साडेएकतीस हजार आडव्या रेघा. त्याआधीच्या पद्धती म्हणजे सीजीए १५.७ वर, ईजीए २१.८ पर्यंत, मोनोक्रोम १८.४ वर. आजचे बहुतेक मॉनिटर ३० च्या खालचं धरतच नाहीत. शिवाय ते नऊ पिनांचे जुने सिग्नल डिजिटल आणि पंधरा पिनांचे अ‍ॅनालॉग, नुसता नऊला पंधराचा जोड लावून काही होत नाही. उलट जुना मोनोक्रोम मॉनिटर चुकून कलर सिग्नलला लावला तर जळू शकतो. विंडोज ९८ वाल्या मशीनवर सुरुवातीची अक्षरं दिसतात आणि विंडोज आलं की स्क्रीन काळा होतो, तिथे बरेचदा कुणीतरी रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नवं काढायचं ते) ८५ वर ठेवलेला असतो. एफ८ दाबून सेफ मोडमध्ये जाऊन ६० करा, बास.

मधोमध एकच आडवी झगझगीत रेघ दिसत असेल तर ब्राइटनेस लगेच कमी करा, नाहीतर ट्यूबवर ती रेघ कायमची भाजते, आणि मॉनिटर टीव्हीवाल्याकडे न्या. आमच्या बाजारातला एक जुना मेकॅनिक रेघ बघताच म्हणतो, "ट्यूब बरी आसा, व्हर्टिकल गेला हा." व्हर्टिकल म्हणजे चित्र वर-खाली ताणणारा भाग, त्यात ड्राय सोल्डर (सुटलेला डाग) असेल तर तास-दोन तासांचं काम. पण कॉम्प्युटरवाला दुकानदार टीव्हीवाल्याला विचारत नाही, तो नवीन मशीनचं कोटेशन देतो, त्याचं दुकान त्यावर चालतं, मान्य आहे.

एवढा जीव का टाकायचा, तर विंडोजच्या आधी, डॉसच्या काळात, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड (भारतीय लिपी दाखवणारं) घालून डॉसवर मराठी चालवायचे, इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या कोडमध्ये. वाचनालयाची पुस्तकांची नोंद, पतपेढीची सभासदांची यादी अशीच कुठे ना कुठे पडलेली असणार. इस्कीतला मजकूर युनिकोडमध्ये (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या कोडमध्ये) आणता येतो, पण आधी तो डिस्कवरून बाहेर तर यायला हवा.

आणि खरंच टाकायचं असेल तर फेरीवाल्या भंगारवाल्याला देऊ नका. तो तांब्यासाठी ट्यूबची मान मोडतो, आणि त्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवं.

जी मशीनं ठेवायची आहेत ती पावसाळ्यात बंद कपाटात कोंबून ठेवू नका. कपाटात ठेवायचीच असतील तर आत झिरोचा बल्ब लावायची आपली जुनी पद्धत चांगली आहे, पण तो जुना तारेचा हवा, एलईडीचा झिरो काही ऊब देत नाही.

जिल्हा परिषदेने आणि संस्थाचालकांनी एवढंच करावं, निर्लेखनाच्या अर्जात 'डिस्प्ले नाही' च्या पुढे एक रकाना वाढवावा, बीप किती वाजले आणि दुसऱ्या चालू मॉनिटरवर लावून बघितलं का. तो भरल्याशिवाय सही करू नये.

आपला,
एक वाचक, मालवण तालुका