एटीएमच्या कपातीचा हिशेब ग्राहकाला दिसायला हवा

महोदय,

मोफत मर्यादा संपल्यावर एटीएममधून पैसे काढले तर बँक एका व्यवहाराला जास्तीत जास्त २३ रुपये घेऊ शकते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ मे २०२५ पासून लागू आहे. त्याआधी ही मर्यादा २१ रुपये होती. प्रत्यक्षात खात्यातून २७ रुपये १४ पैसे जातात, कारण या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. घरखर्चाचा हिशेब मांडणाऱ्यांनी २७.१४ हाच आकडा धरावा.

रक्कम लहान असो वा मोठी, हा आकडा तोच राहतो, आणि खरी गोम इथेच आहे. ५०० रुपये काढणाऱ्याला तो जवळजवळ साडेपाच टक्के पडतो, दोन हजार काढणाऱ्याला १.३६ टक्के आणि दहा हजार काढणाऱ्याला ०.२७ टक्के. ज्याच्या खात्यात एकावेळी हजार-पाचशेच असतात, तो दहा हजार काढणाऱ्याच्या दहा ते वीसपट दराने शुल्क भरतो. महिन्याला १२ हजार रुपये रोख लागतात असे धरू. मुंबईत दुसऱ्या बँकेच्या यंत्रातून हजार-हजार करून बारा वेळा काढले, तर तीन व्यवहार मोफत आणि नऊ सशुल्क; महिन्याला २४४ रुपये २६ पैसे, वर्षाला २,९३१ रुपये. हेच पैसे चार-चार हजार करून तीनदा काढले तर शुल्क शून्य.

मोफत व्यवहारांची मोजणी नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो. स्वतःच्या बँकेच्या एटीएममध्ये महिन्याला किमान पाच व्यवहार मोफत असतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये महानगरात तीन, इतरत्र पाच. महानगरे म्हणजे मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद ही सहाच; पुणे आणि नागपूर कितीही वाढले तरी या यादीत नाहीत. तुमची शाखा कुठे आहे याला इथे महत्त्व नाही, यंत्र कुठे आहे ते पाहिले जाते. नाशिकचे खाते असले तरी मुंबईतल्या यंत्राला मुंबईचाच नियम. आणि दुसऱ्या बँकांच्या यंत्रांसाठी बहुतेक बँका महानगरातले तीन अधिक इतरत्र पाच असे आठ मोफत व्यवहार देत नाहीत, एकूण पाचच देतात, त्यांपैकी महानगरात जास्तीत जास्त तीन.

दुसऱ्या बँकेच्या यंत्रात नुसती शिल्लक पाहिली किंवा मिनी स्टेटमेंट काढले तरी एक मोफत व्यवहार खर्ची पडतो. आधी शिल्लक पाहायची, मग पैसे काढायचे, नंतर पुन्हा शिल्लक पाहायची, ही सवय अनेकांना असते. मुंबईत एवढ्यातच महिन्याचे तिन्ही मोफत व्यवहार संपतात आणि हातात एकदाचेच पैसे आलेले असतात. शिल्लक बँकेच्या ॲपवर किंवा मिस्ड कॉलवर पाहावी. मोठी रक्कम हवी असेल तर आणखी एक अडचण येते: दुसऱ्या बँकेचे यंत्र बऱ्याचदा एकावेळी दहा हजारांवर देत नाही. पंचवीस हजार हवे असतील तर तीन व्यवहार मोजले जातात, म्हणून अशा वेळी स्वतःच्या बँकेचे यंत्र किंवा शाखेचा काउंटर गाठावा. कार्डाऐवजी यूपीआयचा क्यूआर स्कॅन करून पैसे काढले की शुल्क लागत नाही, असाही समज आहे. तो चुकीचा आहे. शुल्काचा नियम तिथेही कार्डासारखाच आहे.

शुल्क कशाचे कापले, हे पासबुकातल्या आकड्यावरून घरीच ताडून पाहता येते. बँका बहुधा महिन्यानंतर एकत्रित रक्कम कापतात आणि समोर ‘एटीएम चार्जेस’ एवढेच छापतात. त्या रकमेला १.१८ ने भागावे. ८१ रुपये ४२ पैसे कापले असतील तर भागाकार ६९ येतो, म्हणजे २३ रुपयांचे तीन व्यवहार. २३ रुपये ६० पैसे दिसले तर मूळ शुल्क २० रुपये आणि २९ रुपये ५० पैसे दिसले तर २५ रुपये. असे आकडे आले की आधी अपुऱ्या शिल्लकीची शंका घ्यावी. खात्यात ८०० असताना हजार मागितले तर यंत्र नकार देते, पैसे मिळत नाहीत, तरीही अनेक बँका त्याचे शुल्क लावतात.

मात्र प्रत्येक फसलेला व्यवहार ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. यंत्रात नोटा नव्हत्या, यंत्र किंवा संपर्क यंत्रणा बिघडली, पिन चुकला, असा व्यवहार मोफत संख्येत धरायचा नाही आणि त्याला शुल्कही लावायचे नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. खात्यातून पैसे वजा झाले पण नोटा बाहेर आल्या नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती रक्कम परत जमा व्हायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने आपणहून द्यायची असते. यंत्राची चिठ्ठी जपून ठेवावी. चिठ्ठी आली नसेल तर यंत्रावरचा एटीएम क्रमांक आणि वेळ लिहून घ्यावी, तक्रारीत तेच कामाला येते.

पर्यायांची तुलना करताना क्रेडिट कार्ड सर्वात शेवटी ठेवावे. अनेक कार्डांवर रोख काढण्याचे शुल्क अडीच टक्के, पण किमान ५०० रुपये असते. दहा हजार काढले तर जीएसटी धरून ५९० रुपये तिथेच गेले. शिवाय व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते, खरेदीसारखी बिनव्याजी मुदत मिळत नाही. महिना साडेतीन टक्क्यांनी ३५० रुपये आणि त्यावर जीएसटी ६३ रुपये. महिन्याभरात दहा हजारांवर हजार रुपये फुकट जातात. याउलट दुकानातल्या स्वाइप यंत्रावर डेबिट कार्डाने थोडी रोख काढण्याची सोय आहे, मोठ्या शहरांत दिवसाला एक हजार आणि लहान गावांत दोन हजारांपर्यंत. तिचे शुल्क एक टक्क्यापेक्षा जास्त असू शकत नाही. हजाराला दहा रुपये हे २७.१४ पेक्षा केव्हाही परवडतात, पण दुकानदाराने ही सोय ठेवलेली असायला हवी. खेड्यांत आधार आणि अंगठ्यावर पैसे देणाऱ्या बँक मित्राला ग्राहकाकडून थेट कमिशन घ्यायला मनाई आहे. पाचशेमागे दहा रुपये कापणाऱ्याकडे पावती मागावी आणि त्याच्या बँकेला कळवावे.

अमर्याद मोफत व्यवहारांच्या आमिषाने खाते बदलणाऱ्यांनी किमान शिल्लकीची अटही हिशेबात धरावी. दहा हजार रुपये बचत खात्यात अडकवून ठेवायचे असतील आणि बचतीचे व्याज अडीच टक्के, मुदत ठेवीचे साडेसहा टक्के धरले, तर वर्षाला ४०० रुपये व्याज बुडते. महिन्याला एकच सशुल्क व्यवहार वाचत असेल तर वर्षाची बचत ३२५ रुपये ६८ पैसे, म्हणजे नुकसानच. दोन वाचत असतील तर ६५१ रुपये, मग खाते बदलणे परवडते. यात डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्कही मिळवावे. २०० रुपयांचे कार्ड जीएसटीसह २३६ रुपयांना पडते.

बँकांची बाजूही आहे. दुसऱ्या बँकेच्या यंत्रात कार्ड चालले की आपली बँक त्या बँकेला पैसे काढण्यासाठी १९ रुपये आणि शिल्लक पाहण्यासाठी ७ रुपये देते. पण स्वतःच्याच यंत्रात सहाव्या व्यवहाराला तसे काही द्यावे लागत नाही, तिथेही २३ रुपये घेणे मला अन्यायाचे वाटते. आणि पैसे काढण्यापूर्वी पडद्यावर ‘या महिन्याचा चौथा व्यवहार, शुल्क २७.१४ रुपये, पुढे जायचे का?’ एवढे विचारायला अडचण काय आहे? ग्राहकाची व्यवहारसंख्या त्याच्या बँकेकडे असतेच, तिच्यावरूनच तर पैसे कापले जातात. निदान कपातीच्या एसएमएसमध्ये आणि पासबुकात प्रत्येक व्यवहाराची तारीख व ठिकाण द्यावे, ही मागणी ग्राहक संघटनांनी रिझर्व्ह बँकेकडे लावून धरावी. तोवर चुकीची कपात दिसली की बँकेकडे लेखी तक्रार करून क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. त्यासाठी वकील लागत नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी