भांडण भगताशी, आजीशी नव्हे

साप चावलेल्या रुग्णाला आधी भगताकडे नेणाऱ्या कुटुंबांना सरसकट अडाणी ठरवणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. त्यातली तळमळ पटली, सूर पटला नाही.

घरातल्या आजीचा भगतावर विश्वास असतो, त्याला तिच्या अनुभवाचा आधार असतो. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. त्यामुळे मंत्राने बरे झालेले वाटावेत असे रुग्ण तिने खरोखर पाहिलेले असतात. हे कारण तिला एरवी, निवांतपणे सांगायला हवे. ऐन रात्री थोतांड म्हणून वाद घातला, तर वेळ रुग्णाचाच जातो. मण्यारीच्या दंशाला तर अनेकदा वेदना नसते, सूजही नसते. पण काही तासांत श्वास बंद पडू शकतो. आजीला कपाळावर अंगारा लावायचा असेल तर लावू द्यावा, मात्र 108 च्या रुग्णवाहिकेत बसल्यावर.

भगताला अशी सवलत नको. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याला 6 महिने ते 7 वर्षे कैदेची शिक्षा आहे. लेखातले कठोर शब्द त्याच्यासाठी ठेवावेत. आणि प्रतिसर्पविष म्हणजे सापाच्या विषावरचे औषध मिळणाऱ्या, जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांची यादी पावसाळ्यात ठळकपणे छापावी, ही विनंती.

– एक वाचक, चिपळूण