ज्येष्ठांच्या मनगटी यंत्रांची चाचणी आपल्या घरांत व्हावी : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

पुण्यात घरोघरी जाऊन ज्येष्ठ रुग्णांना फिजिओथेरपी देणे हा माझा व्यवसाय आहे. मुले परदेशी आणि घरात दोघेच म्हातारे, अशी घरे कोथरूड-सहकारनगर भागात कमी नाहीत. रुग्ण दिवसभरात किती चालला, किती वेळ पडून होता, रात्री कितीदा उठला, हे त्याच्या सांगण्यावरून नीट कळत नाही. म्हणून हालचाली ओळखणाऱ्या मनगटी यंत्रांना माझा विरोध नाही. मात्र शासनाने कधी ती खरेदी करायचे ठरवले, तर ती आपल्याकडच्या ज्येष्ठांवर, त्यांच्याच घरांत तपासलेली असावीत, ही अट निविदेत असावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या यंत्रांतील त्वरणमापक तीन दिशांमधील हालचाल सेकंदाला अनेकदा नोंदवतो आणि नोंदींच्या प्रत्येक छोट्या तुकड्यात माणूस चालत होता, बसला होता की आडवा होता, हे संगणकीय प्रणाली ठरवते. ती हे शिकते ते आधी नोंदवलेल्या माणसांकडून. या क्षेत्रात फार वापरला गेलेला, अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहातील एक नोंदसंच ३० स्वयंसेवकांचा आहे. वये १९ ते ४८, नोंदी घेणारा फोन कमरेला बांधलेला आणि हालचाली सहा : चालणे, जिना चढणे, उतरणे, बसणे, उभे राहणे आणि आडवे होणे. मांडी घालणे, उकिडवे बसणे, जमिनीवरून उठणे यांना त्यात जागाच नाही.

माझ्या एक रुग्ण आजी फरशीवरून उठताना आधी एका कुशीवर कलतात, तळवा टेकतात, गुडघ्यावर येतात आणि मग पलंगाची कड धरून उभ्या राहतात. बसताना शेवटच्या वीतभर अंतरात मात्र त्या अंग सोडूनच देतात. मनगटावरच्या यंत्राला तो धक्का पडण्यासारखा वाटला, तर दोष आजींचा नव्हे. उलट, वॉकर धरून चालणाऱ्या आजोबांचे मनगट जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे त्यांची कष्टाने टाकलेली पावले यंत्राच्या हिशेबातून गळू शकतात आणि डॉक्टरांपुढे दिवसभर बसून राहिलेल्या माणसाची नोंद येते. शिवाय पडल्याच्या खोट्या इशाऱ्यांनी दोन-चारदा घरच्यांची धावपळ झाली की यंत्र कपाटात जाते, हे वेगळे सांगायला नको.

पडण्याच्या नोंदी तर आणखी विरळ. म्हाताऱ्या माणसाला मुद्दाम पाडता येत नाही! कोलंबियातील ‘सिसफॉल’ या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संचात २३ तरुण आणि १५ ज्येष्ठ होते. ज्येष्ठांपैकी पडण्याचे प्रात्यक्षिक दिले ते फक्त एकाने, आणि तेही ज्यूदोत तरबेज असलेल्या गृहस्थाने. आमचे रुग्ण तसे पडत नाहीत. पुष्कळदा ते भिंतीला टेकत, घसरत, हळूहळू खाली येतात.

विक्रेते अचूकतेचा मोठा आकडा दाखवतील, तेव्हा तो कोणावर मोजला, हे विचारावे. एकाच माणसाच्या नोंदींचे काही तुकडे शिकवायला आणि काही परीक्षेला वापरले, तर आकडा फुगतो. प्रणालीने पूर्वी कधीच न पाहिलेल्या माणसांवरचा आकडाच ग्राह्य धरावा.

अशा नोंदी गोळा करण्याची सोय पुणे जिल्ह्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र वढू परिसरातील लोकसंख्येच्या आरोग्यनोंदी वर्षानुवर्षे ठेवत आले आहे आणि सी-डॅक ही प्रगत संगणनावर काम करणारी सरकारी संस्था १९८८ पासून पुण्यातच आहे. कोणती हालचाल कधी झाली, हे शेजारी बसून टिपण्याचे कंटाळवाणे काम आमच्यासारखे फिजिओथेरपिस्ट करू शकतील.

संमती मात्र ज्येष्ठांची स्वतःची हवी, मुलाने फोनवरून दिलेली चालणार नाही, कारण रात्री कोण कितीदा शौचालयात गेले, हेही या नोंदींतून उघड होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत मिळण्याची तरतूद आहे. ती सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत छापावी आणि वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवावी, ही अटही त्याच निविदेत घालावी, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट,
पुणे