बाबांच्या यादीत आईचं गाव नाही

ठाणे

ती. आई आणि ती. बाबा यांना शि. सा. नमस्कार.

बाबा, दादाच्या हाती पाठवलेली यादी पोचली. सगळी पाठकोऱ्या कागदांवर, वर ‘कोल्हापुरात होते, आता नाही’ असं लिहून खाली दोन रेघा. बँकेतली सवय जात नाही तुमची. आवक-जावक लिहावी तशी एकेक ओळ, पुढं पेठ आणि शक्य तिथं साल.

पहिलं पान टॉकीजनीच भरलंय. व्हीनस, उमा, रॉयल, प्रभात, लिबर्टी. कुठल्या टॉकीजला पिटात ढेकूण होते आणि कुठल्या मालकाला पंखे लावायचं जिवावर यायचं, तेही लिहिलंयत. व्हीनसचं मला नवल वाटतं. थिएटर जाऊन इतकी वर्षं झाली, तरी रिक्षावाल्याला आजही व्हीनस कॉर्नरच सांगावं लागतं. 2019 ला पंचगंगा शहरात शिरली तेव्हा इथं ठाण्यात टीव्हीसमोर बसून मी ‘व्हीनस कॉर्नरपर्यंत पाणी’ ऐकत होते आणि शेजारच्या काकू विचारत होत्या, व्हीनस म्हणजे काय गं? पार्वतीचं मल्टिप्लेक्स झालं म्हणून तुम्ही तेही गेलेल्यांत धरलंय. मला ते पटत नाही. पडद्यावर सिनेमा दिसतोय ना अजून? पण असो, यादी तुमची.

शालिनी सिनेटोन, बाबुराव पेंटरांची 1917 ची महाराष्ट्र फिल्म कंपनी, ही नावं तुम्हीसुद्धा तुमच्या वडिलांकडूनच ऐकलेली. शाहू मिल मात्र तुमची स्वतःची. 1906 मध्ये शाहू महाराजांनी सुरू केलेली मिल 2003 मध्ये बंद पडली आणि भोंगाही बंद झाला. आजी भोंग्यावर भाकरीचा तवा चढवायची, हे तुम्ही लिहिलंय. यादीत घरातल्या बाईचा उल्लेख आहे तो एवढाच. ते लक्षात ठेवा, पुढं त्यावरच बोलणार आहे.

शेवटच्या पानावर नुसती तारीख आहे, 8 ऑगस्ट 2024. पुढं काही नाही. त्या रात्री तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही ‘केशवराव भोसले नाट्यगृह’ म्हणाला नाहीत, ‘पॅलेस थिएटर जळतंय’ म्हणालात. तुमच्या जन्माच्याही आधीपासूनचं, 1915 सालचं नाव तोंडात आलं तुमच्या. दुसऱ्या दिवशी, ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. आम्ही सगळे मोबाईलवर छप्पर कोसळताना बघत होतो. तुम्ही मात्र मागच्या खासबाग कुस्ती मैदानाचं काय झालं तेवढंच विचारत राहिलात, कारण लहानपणी तुमची निम्मी संध्याकाळ कुस्तीत आणि निम्मी नाटकाच्या मागच्या दारात जायची.

आगीतून दगडी भिंती तेवढ्या वाचल्या, आता थिएटर परत बांधतायत. दादा सांगत होता, तुम्ही ते काम बघायलाही जात नाही, म्हणता तो आवाज परत येणार नाही. नसेल येत. पण शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणाऱ्या त्या रंगमंचावर उद्या शाळेच्या स्नेहसंमेलनातली एखादी पोरगी पहिल्यांदा उभी राहील, तिला जुन्याशी तुलना करायचं कारण नाही. तिच्यासाठी तरी एकदा जाऊन या.

‘आता गावात राम राहिला नाही’ हे तुमचं वाक्य मी गेली काही वर्षं दर फोनला ऐकते. मग मला तुम्हीच सांगितलेलं आठवतं. आजोबा कपिलतीर्थ मंडईतून भाजी आणताना कुरकुरायचे, की इथं तळं होतं, हे लोक तळ्यावर वांगी विकतायत. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. पावसाळ्यात तिथं पाणी तुंबतं आणि सगळे महापालिकेला शिव्या घालतात. रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभं आहे आणि तिथंच तुम्ही पाटाकडील-खंडोबाच्या फुटबॉल मॅचला घसा बसेपर्यंत ओरडायचात. आजोबांच्या यादीत तळी होती, तुमच्या यादीत टॉकीज आहेत.

हे मी यादी खोडायला लिहीत नाही. यादी फार चांगली आहे, फक्त ती अर्ध्या गावाची आहे.

रविवारी मी ती आईला फोनवर वाचून दाखवली. तुम्ही तेव्हा तालमीच्या कट्ट्यावर होता. ‘हॉटेल, संगमरवरी टेबलं, गल्ल्यावर बडीशेप’ या ओळीला आई म्हणाली, ‘मला कुठली गं टेबलं? आम्हाला फॅमिली रूम.’ मळकट पडदा, आत पंखा नाही, आणि पोऱ्या पडद्याबाहेरूनच विचारणार, काय आणू. तुम्ही ज्या हॉटेलात मित्रांबरोबर तासन्‌तास बसलात, तिथं आई लग्नानंतर कितीदा गेली, पण गल्ला कुठल्या बाजूला होता हे तिला सांगता येत नाही. पडद्यावरचं डिझाइन मात्र अजून पाठ आहे.

आणि व्हीनसच्या तिकिटांचं! तुम्ही लिहिलंय, ‘नवीन सिनेमाला मारामारी, शर्ट फाटला तरी तिकीट काढलेच.’ आई इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. बायकांची खिडकी वेगळी होती म्हणे, तिथं फारशी गर्दी नसायची. रांगेतले पुरुष पुढं येऊन ‘वहिनी, दोन आमची पण काढता का’ म्हणून हातात पैसे कोंबायचे. तुमची तिकिटं तीच काढायची. शर्ट कशानं फाटला ते तुम्ही आणि आई मिटवा.

मग ती थांबेचना. महाद्वार रोडवरचं ते मॅचिंगचं दुकान, भिंतभर थानं लावलेलं. तिथला माणूस साडी न उघडता पदराचा कोपरा बघून थान काढायचा, पण आई त्याच्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवायची नाही. कापड आणि पदर दोन्ही घेऊन रस्त्यावर उन्हात यायची, उलटसुलट करून बघायची आणि परत आत जाऊन म्हणायची, अर्धा पाव गडद. तो ‘अर्धा पाव’ त्याला बरोबर कळायचा. तिसऱ्या थानाला जमलं की तो कात्रीनं नुसती चीर द्यायचा आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचा. तो आवाज मलाही आठवतो, मी तिच्या पदराला धरून उभी असायचे. तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात. तुमच्या यादीत हे दुकान नाही. कसं असेल, तुम्ही बाहेर सायकल धरून घड्याळ बघत उभे!

कासाराचं दुकानही नाही. आईचा हात तो जुन्या मऊ फडक्यानं धरायचा, अंगठ्याच्या बुडाशी दाबायचा, आणि तोंडानं भलतंच काहीतरी विचारायचा, माहेरी पाऊस झाला का वगैरे. उत्तर देता देता हात सैल पडायचा आणि बांगडी आत जायची. भरून झाल्या की एक जास्तीची घालायचा, आई बांगड्यांना हात लावून नमस्कार करायची आणि मगच पैसे. माहेरच्या पावसाची चौकशी करणारा गावात तो एकटाच होता, असं आई परवा म्हणाली. बाबा, हे तुमच्यावर नाही, किंवा थोडं आहे.

पिठाच्या गिरणीचं तिनं जे सांगितलं ते इथं लिहीत बसत नाही, त्यात तुमच्या बहिणीच्या लग्नाची भानगड आहे.

माझी घाई कशासाठी, तेही सांगते. अंबाबाई मंदिराच्या आराखड्याचं सारखं पेपरात येतं. आसपासची घरं, दुकानं घ्यायची म्हणतायत, दुकानदार विरोध करतायत. काय होईल ते होईल, माझा त्यावर ठाम निर्णय नाही. भक्तांच्या रांगेत लेकरं उन्हात उभी असतात हेही मी बघते. पण तुमच्या टॉकीजचे फोटो, जाहिराती, पेपरातले लेख कुठंतरी सापडतात. जयप्रभा स्टुडिओ वाचवा म्हणून माणसं उपोषणाला बसली. मॅचिंगच्या दुकानासाठी कुणी बसणार नाही. ते दुकान असलंच तर आईच्या आणि तिच्या वयाच्या बायकांच्या डोक्यात आहे, आणि त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही, विषय तुमच्या यादीनं निघाला.

तर आता असं करा. मी दसऱ्याला येतेय. त्याआधी रोज संध्याकाळी अर्धा तास आईनं बोलायचं आणि तुम्ही लिहायचं. अक्षर तुमचंच चांगलं आहे. अट एकच, मधे बोलायचं नाही. ‘ते दुकान तिथं नव्हतं, पलीकडं होतं’ असं वाटलं तरी समासात लिहून ठेवा, मी आले की भांडण सोडवू. आई, तू पण ‘त्यात काय सांगायचंय’ म्हणून उठून स्वयंपाकघरात जाऊ नकोस. आमटी दादा बघेल, त्याला येते.

आले की एका सकाळी, दुकानं उघडायच्या आत, भवानी मंडपातून महाद्वार रोडनं चालत जाऊ. गर्दी नसली की आईला चालता येईल, बसायला पायऱ्या मिळतील. ती दाखवेल तशी जाऊ, बाबा मागून. परत येताना गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊ, यादीत घालायची वेळ त्याच्यावर अजून आलेली नाही.

आईच्या गुडघ्याचा पट्टा सैल झालाय म्हणाली होती. गुडघ्याच्या वर आणि खाली टेपनं माप घेऊन कळवा, इथून घेऊन येते.

तुमची,
धाकटी