डोळ्यात गॅस असताना घाटही चढू नका

संपादक महोदय,

लेह-लडाख आणि चारधामच्या सहलींची नोंदणी सुरू झाली की नेत्रतज्ज्ञांकडे एक प्रश्न हमखास येतो : ‘काचबिंदू आहे, उंचावर डोळ्याचं प्रेशर वाढेल का?’ प्रश्न रास्त आहे, पण ज्यांनी खरोखर धास्ती घ्यावी ते लोक, म्हणजे शस्त्रक्रियेत डोळ्यात गॅस भरलेले रुग्ण, सहसा विचारायलाच येत नाहीत. म्हणून हे पत्र.

डोळ्याचा दाब म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे तो आकडा. साधारणपणे तो १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर, तर साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये तो सुमारे ४९० असतो. एवढी घट होऊनही डोळा फुगत नाही, कारण तो पाण्याने भरलेला आहे आणि पाणी हवेसारखे प्रसरण पावत नाही. बाहेरचा दाब उतरला की आतलाही तेवढाच उतरतो, फरक जवळपास तोच राहतो. प्रत्यक्ष मोजमापांत दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे दिसतात. त्यातही एक गोम आहे. प्राणवायू कमी पडला की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातून पाणी उपसणाऱ्या पेशी मंदावतात आणि तो पडदा थोडा जाड होतो. दाब मोजण्याचे यंत्र सुमारे ५२० मायक्रॉन जाडीच्या पडद्यासाठी बेतलेले असते. जाडी वाढली की ते आकडा चढा दाखवते. तेव्हा डोंगरावर कुणी मोजून दिलेल्या आकड्यावरून काचबिंदूचे थेंब कमी-जास्त करू नयेत.

हे सगळे हिशेब डोळ्यात हवा किंवा गॅस असेल तर कोलमडतात. डोळ्याचा मागचा पडदा सुटल्यावर किंवा त्याला छिद्र पडल्यावर जी शस्त्रक्रिया होते, तिच्या शेवटी अनेकदा डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतात. साधी हवा आठवड्याभरात जिरते, सल्फर हेक्झाफ्लोराइड सुमारे दोन आठवडे राहतो, परफ्लुरोप्रोपेन सहा ते आठ आठवडे. बुबुळाच्या काही प्रत्यारोपणांतही असाच बुडबुडा ठेवतात. बाहेरचा दाब उतरला की हा गॅस फुगू पाहतो, पण डोळ्याची भिंत फारशी ताणत नाही. मग आतला दाब चढतो आणि पडद्याला रक्त देणाऱ्या मुख्य धमनीपेक्षा जास्त झाला की रक्तपुरवठाच थांबतो. थोडा वेळ गेला तरी दृष्टी कायमची जाऊ शकते.

त्यासाठी लेहला जावे लागते असेही नाही. मुंबईहून महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे १,३५० मीटरवर गेलात तर हवेचा दाब साधारण १५ टक्के उतरतो आणि गॅसला सुमारे १८ टक्के जास्त जागा हवी असते. बुडबुडा दोन मिलिलिटरचा असेल तर ही वाढ ०.३६ मिलिलिटर, म्हणजे ३६० मायक्रोलिटर. डोळ्यातून पाणी निचरून जाण्याचा नेहमीचा वेग मिनिटाला दोन-तीन मायक्रोलिटर. या वेगाने तेवढी जागा व्हायला दोन ते तीन तास हवेत आणि पसरणी घाट गाडी त्याहून खूप लवकर चढते. विमानात केबिनचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो. वरच्या मर्यादेला गॅस एक तृतीयांश फुगू पाहतो. लेहमध्ये त्याचे आकारमान दीडपटीच्या वर जाऊ पाहते. मुंबईत शस्त्रक्रिया करून घेऊन पाचगणीला घरी परतणाऱ्यांनी तर हे आधीच बोलून घ्यावे.

बुडबुडा उरला आहे का, हे रुग्णाला बऱ्यापैकी कळते. नजरेत हलणारी आडवी रेघ दिसते; ती दिवसेंदिवस खाली सरकते, मग खालच्या बाजूला गोल ठिपका उरतो आणि शेवटी तोही जातो. तरी बाहुली मोठी करून डॉक्टरांनी ‘गॅस संपला’ असे लिहून दिल्याशिवाय प्रवास नको. घाटात डोळा ठणकू लागला किंवा दिसेनासे झाले तर ताबडतोब खाली उतरावे. ऑक्सिजनच्या नळकांड्याने इथे काही साधत नाही, कारण दुखणे दाबाचे आहे. दुसऱ्या कुठल्याही शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना गॅसबद्दल आवर्जून सांगावे. भुलीसाठी वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइड वायूने हाच बुडबुडा फुगतो. गॅसऐवजी सिलिकॉन तेल भरले असेल तर हा धोका नाही.

आता रक्तप्रवाहाकडे वळू. हवेत प्राणवायूचे प्रमाण उंचावरही २१ टक्केच असते, पण एकूण दाब उतरल्याने रक्तात तो कमी शिरतो. डोळ्याचा मागचा पडदा वजनाच्या मानाने प्राणवायूचा फार मोठा ग्राहक आहे. तुटवडा जाणवला की त्याच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, नीला फुगून वाकड्यातिकड्या होतात, प्रवाह वाढतो. दुसरीकडे जलद श्वासाने कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याने त्याच वाहिन्या आकुंचन पावतात. या ओढाताणीत कुणाचे पारडे कुठे झुकेल ते माणसागणिक बदलते. पाच हजार मीटरच्या वर वाहिन्यांच्या भिंती गळू लागतात आणि पडद्यावर रक्ताचे ठिपके उमटतात. जोराचा खोकला, शौचाला कुंथणे, पाठीवर ओझे यांनी भर पडते. बहुतेकांना ते जाणवतही नाहीत आणि खाली आल्यावर काही आठवड्यांत विरतात. मात्र ठिपका नेमक्या मध्यबिंदूवर आला तर अक्षरांच्या मधोमध डाग दिसतो. असे झाल्यास चढणे तिथेच थांबवावे. तीन हजार मीटरनंतर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस गावातच काढावेत. दुसऱ्याच दिवशी ‘खारदुंग ला’ ही खिंड दाखवणारी सहल टाळलेली बरी. (तिथल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट असले तरी प्रत्यक्ष उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,६०० फूट आहे. तीही डोळ्यांना पुरेशी आहे.)

काचबिंदूवाल्यांनी दाबाच्या आकड्यापेक्षा दृष्टिमज्जातंतूपर्यंत पोहोचणाऱ्या रक्ताची काळजी करावी. रक्तदाब वजा डोळ्याचा दाब, एवढ्या जोरावर ते रक्त पुढे सरकते. रात्री रक्तदाब उतरतो, झोपेत प्राणवायूही आणखी घटतो. त्यात रक्तदाबाची गोळी रात्री घेत असाल तर तिच्या वेळेबद्दल आधी फिजिशियनना विचारा. टिमोलॉलचे थेंब हृदयाची गती कमी करतात आणि दमेकऱ्यांचा श्वास अडवू शकतात, म्हणून त्यांचाही विषय काढा. थेंबांच्या दोन बाटल्या न्या, त्या गोठू देऊ नका. अंगालगतच्या खिशात ठेवा. डोळ्यातल्या पाण्याच्या निचऱ्याचा कोन अरुंद असल्याचे सांगितले असेल तर घाटात उलटीसाठी सर्रास घेतली जाणारी प्रोमेथाझिनची गोळी विचारल्याशिवाय नको. बाहुली मोठी होऊन तो कोन बंद पडू शकतो.

उंचीसाठी देतात ती अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी मुळात काचबिंदूचीही आहे. सर्वसाधारण मात्रा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येणे, वारंवार लघवी होणे हे अपेक्षित आहे. सल्फाची अ‍ॅलर्जी, मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर स्वतःहून घेऊ नये. क्वचित या गोळीनेच दोन्ही डोळ्यांना दूरचे एकाएकी धूसर दिसू लागते. तसे झाले तर गोळी बंद करून डोळे दाखवावेत.

लेसर येण्यापूर्वी, १९८० आणि ९०च्या दशकांत, चष्मा घालवण्यासाठी बुबुळावर ब्लेडने चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देत. अशा डोळ्यांचा नंबर उंचावर दिवसभरातच अधिककडे (प्लसकडे) सरकतो. १९९६ साली एव्हरेस्टवर अमेरिकी डॉक्टर बेक वेदर्स यांची नजर याच कारणाने गेली होती. असे ऑपरेशन झालेल्यांनी वेगवेगळ्या प्लस नंबरांचे दोन-तीन चष्मे सोबत ठेवावेत. लॅसिकवाल्यांना सहसा एवढा त्रास होत नाही, कोरडेपणा मात्र जाणवतो. कॉन्टॅक्ट लेन्स रात्री काढाव्यात. बर्फावर बाजूने झाकणारा, पूर्ण अतिनील संरक्षण देणारा गॉगल हवा. उन्हाने बुबुळ भाजल्याची वेदना सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकी रात्री सुरू होते.

सहल आयोजकांना विनंती : रक्तदाब आणि साखरेच्या रकान्यांखाली ‘गेल्या तीन महिन्यांत डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे का, गॅस भरला आहे का?’ एवढी एक ओळ घाला. आणि आमच्या व्यवसायबंधूंनी घरी सोडतानाच्या कागदावर गॅसचे नाव, तारीख आणि ‘विमान व घाट वर्ज्य’ हे शब्द मराठीत लिहावेत.

— एक नेत्रशल्यचिकित्सक, पुणे