वसतिगृहाच्या दुसऱ्या शाखेविषयी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वसतिगृहाची दुसरी शाखा काढावी की नाही, यावरून विश्वस्तांमध्ये दोन तट पडल्याचे तू कळवलेस आणि माझे मत विचारलेस. उत्तर लिहिण्यापूर्वी मी रयत शिक्षण संस्थेचा आरंभीचा इतिहास पुन्हा नजरेखालून घातला, कारण गरीब घरच्या मुलांसाठी निघालेली एक लहान संस्था कशी वाढत गेली, याचे याहून जवळचे उदाहरण मला ठाऊक नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. सर्व जातिधर्मांच्या मुलांनी एकत्र राहावे आणि एका पंक्तीला जेवावे, हा त्यांचा आग्रह त्या काळी अनेकांना रुचणारा नव्हता. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यांच्या साताऱ्यातील वसतिगृहाला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नाव मिळाले. हा प्रसंग आपल्याकडे फार कौतुकाने सांगितला जातो. मला मात्र भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची हकीकत अधिक विचार करायला लावते. मुलांच्या पोटापाण्याची सोय होईना, तेव्हा त्या माउलीने अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडायला दिले. असा त्याग कोणाकडे वारंवार मागता येत नाही, आणि म्हणूनच मुलांनी शेतात, बागेत राबून आपल्या शिक्षणाचा खर्च उचलावा, ही ‘कमवा आणि शिका’ची रीत मला केवळ शिस्तीची बाब वाटत नाही, संस्थेचा भार एका घरावरून उतरवण्याचा तो मार्गही होता. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य भिंतीवर रंगवण्यापूर्वी तिथे जगले गेले होते.

तुमच्या वादाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो वाढीचा क्रम. साताऱ्यात वसतिगृह चांगले रुजल्यावर, १९३५ मध्ये, संस्थेची नोंदणी झाली आणि त्याच वर्षी शिक्षक तयार करणारे अध्यापन विद्यालय निघाले. खेडोपाडी शाळांचा विस्तार त्यानंतर झाला. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. माणसे आधी घडली आणि इमारती मागून आल्या, म्हणूनच पुढे शेकडो शाखा पेलता आल्या, असे माझे मत आहे.

आता तुमच्याकडे पाहू. एक देणगीदार इमारत बांधून द्यायला तयार आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु बांधकामाचा पैसा एकदाच येतो आणि अधीक्षकाचा पगार, मुलांचे जेवण, औषधपाणी हे दर महिन्याला दारात उभे राहते. (देणगीदारांना कोनशिलेवरील नावाचे जेवढे अप्रूप असते, तेवढे किराणा बिलाचे नसते, हे तू माझ्याहून अधिक जाणतोस.) शाखेला माझा विरोध नाही, पण तुमच्याच वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलाने अधीक्षकपद स्वीकारावे, त्याने वर्षभर सध्याच्या अधीक्षकांच्या हाताखाली काम करावे आणि मगच पायाभरणी व्हावी, असे मी सुचवीन. देणगीदार तेवढे थांबायला तयार नसेल, तर नम्रपणे नकार द्यावा. विश्वस्त मंडळातही दोन माजी विद्यार्थी घ्या, कारण रात्री आजारी पडलेल्या मुलाकडे कोण लक्ष देतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

पुढच्या बैठकीपूर्वी गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मला पाठव. भोजनखर्च आणि पगार यांचे आकडे वेगळे काढून ठेवलेस तर मी लगेच पाहून कळवीन.

तुझा स्नेहांकित मित्र