साम्यचाचणीला मराठी वाचताच येत नसेल तर?

मा. संपादक,
स. न.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार पीएच.डी.च्या प्रबंधात इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य सॉफ्टवेअरच्या तपासणीत आढळले तर शिक्षा नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांत सुधारित प्रबंध, ६० पर्यंत सुधारित प्रबंध द्यायला वर्षभर मनाई आणि त्याहून अधिक असेल तर नोंदणी रद्द. मराठीतून लिहिलेल्या प्रबंधांना मात्र ही चाळणी अनेकदा लागूच पडत नाही.

मूळ दुखणे फॉन्टचे आहे. टंकलेखन श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये केले की पडद्यावर मराठी दिसते, पण फाईलमध्ये वेगळीच अक्षरे साठतात. कृतिदेवमधले ‘महा’ संगणकाच्या लेखी ई, जी, के ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. तोच मजकूर इंटरनेटवर युनिकोड या प्रमाणित अक्षरसंकेतात असला, तरी सॉफ्टवेअरला दोन्हींचा मेळ लागत नाही. पानेच्या पाने उतरवलेली असली तरी साम्य शून्य! शिवाय ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरचे अनेक जुने मराठी प्रबंध म्हणजे स्कॅन केलेली पाने. त्यांतून मजकूर काढलेलाच नसेल, तर तुलना करायची कशाशी? हिंदी प्रबंधाचे मराठी भाषांतर करून आपल्या नावावर खपवले, तर युनिकोडचाही उपयोग नाही, कारण ही चाचणी मुख्यतः शब्द जुळवते, आशय नाही.

आणि तरीही ‘साम्य ३ टक्के’ असा एक पानी दाखला जोडला की मार्गदर्शकाची सही होते, प्रबंध पुढे सरकतो. त्या पदवीवर सहायक प्राध्यापकाची नेमणूक होते. पुढे तीच व्यक्ती मार्गदर्शक होते आणि तिचा प्रबंध नव्या विद्यार्थ्यांपुढे नमुना म्हणून ठेवला जातो. दप्तरखान्यात वर्षानुवर्षे मोडी कागद चाळणाऱ्या प्रामाणिक संशोधकावर हा उघड अन्याय आहे.

उपाय खर्चिक नाहीत. प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारावा आणि तपासणीला पीडीएफऐवजी मूळ वर्ड फाईल द्यावी. अडीचशे पानांच्या प्रबंधात शून्य टक्के साम्य आले, तर फाईल वाचलीच गेली नसावी असे समजून ती परत तपासावी. बहिःस्थ परीक्षकाला नुसता दाखला न देता, कोणता परिच्छेद कुठल्या स्रोताशी जुळतो हे दाखवणारा पूर्ण अहवाल पाठवावा. भाषांतरित चोरी मात्र विषय जाणणारा माणूसच पकडू शकतो. त्यासाठी विभागीय समितीने संदर्भसूचीतील निवडक नोंदी मूळ ग्रंथ उघडून पडताळाव्यात आणि त्या बैठकीचे इतिवृत्त मौखिक परीक्षेपूर्वी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकावे.

– एक प्रबंध परीक्षक